पक्षाघात आणि सरकारी जमाखर्च

ह्या रोगास मराठींत नांवें पुष्कळ आहेत. ग्रंथांत तो पक्षाघात, वैद्यांच्या तोंडीं अर्धांगवायु, बाजारांत लकवा, आणि कोंकणांतील एखाद्या घराच्या ओटीवर चौकशी केली तर उत्तर मिळतें, "त्यांच्या अंगावरून वारें गेलें." ह्या सर्व नांवांत हें शेवटचें नांव अधिक बोलकें आहे. वारें दिसत नाहीं, कोठून आलें तें कळत नाहीं, आणि तें निघून गेल्यावर मोडलेलें झाड तेवढें मागें राहतें. वैद्यकानें ही समजूत केव्हांच सोडून दिली. परंतु राज्यकारभाराच्या वहींत पक्षाघात अजून वाऱ्यासारखाच आहे. त्याची नोंद तुटक, त्याच्या नांवावर वेगळी रक्कम नाहीं, आणि त्याच्या संशोधनाची तरतूद करणारा कायदाहि नाहीं. ह्या अनुल्लेखाची किंमत कोण देतें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप. पक्षाघात हा रक्तवाहिनीचा अपघात असून त्याची झळ मेंदूस लागते. वाहिनी रक्ताच्या गुठळीनें तुंबते, हा एक प्रकार. ती फुटून रक्त मेंदूंत पसरतें, हा दुसरा. तोंड वांकडें होणें, एका बाजूचा हात लुळा पडणें, जीभ जड होणें, हीं बाह्य लक्षणें दोहोंत सारखींच असतात. उपाय मात्र परस्परविरुद्ध. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या प्रकारांत रोग्यास पुन्हां पायांवर उभें करूं शकतें. तेंच औषध दुसऱ्या प्रकारांत त्याचा प्राण घेऊं शकतें. म्हणून डोक्याच्या आंत पाहिल्यावांचून डॉक्टरचा हात पुढें होत नाहीं. हें आंत पाहणें शक्य झालें तें इंग्लंडांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं सिद्ध केलेल्या सी. टी. यंत्रामुळें. १९७१ सालीं त्या यंत्रानें पहिल्या रोग्याचा मेंदु दाखविला, आणि १९७९ सालीं हाउन्सफील्ड व अॅलन कॉर्मॅक ह्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९९५ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगानें सिद्ध केलें कीं, लक्षणें सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आंत हें औषध दिल्यास पुष्कळ रोगी परावलंबनांतून सुटतात. २००८ सालीं युरोपांतील प्रयोगानें ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविली. २०१५ सालीं निरनिराळ्या देशांतील प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, मोठी वाहिनी तुंबली असेल तर मांडीच्या धमनींतून बारीक नळी सरकवून गुठळी बाहेर ओढून काढतां येते. जो रोग पूर्वीं दैवाचा फेरा मानला जाई, तो अशा रीतीनें घड्याळाशीं चाललेल्या शर्यतीचा विषय झाला.

आतां साडेचार तासांचा हा आंकडा रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहावा. उत्तरेस बाणकोटची खाडी, दक्षिणेस विजयदुर्गची. मधल्या पट्ट्यांत मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके. गांवें डोंगरउतारावर विखुरलेलीं, वाड्या एकमेकींपासून दूर. रत्नागिरीहून कोल्हापूर गांठावयाचें तर आंबा घाट चढून सुमारें एकशेंतीस किलोमीटर जावें लागतें. मुंबई तर तीनशें किलोमीटरांच्याहि पलीकडे. २०१४ सालापासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले आहेत. परंतु रुग्णवाहिकेस बोलावणारें माणूस प्रथम घरांत असावें लागतें. २०११ च्या शिरगणतींत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांपूर्वीं ती १६,९६,७७७ होती. दर हजार पुरुषांमागें येथें १,१२२ स्त्रिया होत्या. ह्या आंकड्यांचा अर्थ कोंकणांतील प्रत्येक कुटुंब जाणतें. कर्ता मुलगा मुंबईस, आणि घरीं म्हातारे आईबाप, कित्येकदां त्यांपैकीं एकटेंच कोणी. रात्रीं निजलेल्या माणसाचा हात पहाटे उचलेना झाला, तर घड्याळ केव्हां सुरू झालें हेंच सांगतां येत नाहीं. आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धेचें तोंड वांकडें झालेलें पाहण्यास दुसरें कोणी नसतें.

अशीं माणसें जिल्ह्यांत दरवर्षीं किती? ह्या साध्या प्रश्नाशींच गाडी अडते. कर्करोगाच्या बाबतींत ती अडत नाहीं. मुंबईंत १९६३ सालापासून कर्करोगाची नोंदवही आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं खेड्यांसाठीं तशी वही उघडली. आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोन जिल्ह्यांतील कर्करोगाची गणना चिपळूणजवळील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयांतून टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्यानें होत आली आहे. पक्षाघाताची वही ह्या मानानें फार उशीरां उघडली. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रोगगणना संस्थेनें लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदवह्यांसाठीं प्रथम पांच ठिकाणें घेतलीं: कटक, वाराणसी, कोटा, तिरुनेलवेली आणि आसामांतील काछाड. ह्या पांचांत महाराष्ट्राचा एकहि जिल्हा नव्हता.

महाराष्ट्रांत जें मोजलें गेलें, तें कांहीं व्यक्तींच्या चिकाटीनें. मुंबईंत डॉ. पी. एम्. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ व २००६ ह्या दोन वर्षांत एका वस्तींतील पक्षाघाताची गणना केली. प्रथमच पक्षाघात झालेले रोगी दर लाखीं वर्षास सुमारें १४५ आढळले, आणि त्यांतील जवळजवळ तीस टक्के अठ्ठावीस दिवसांच्या आंत दगावले. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' ह्या संस्थेंत डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८६ खेड्यांतील मृत्यूंचा दोन वर्षें मागोवा घेतला. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ ह्या मुदतींत झालेल्या १,५९९ मृत्यूंपैकीं २२९, म्हणजे शेंकडा चौदांहून अधिक, पक्षाघातानें झालेले होते. दुसऱ्या कोणत्याहि एका कारणानें त्याहून अधिक माणसें मेलीं नव्हतीं. ह्यांतील शेंकडा ८७ मृत्यु घरींच घडले. जंगलांत राहणाऱ्या गरीब लोकांस साथीचे रोग मारतात आणि रक्तदाबाचे रोग शहरांतील सुखवस्तूंना होतात, ह्या समजुतीस त्या एका गणनेनें तडा गेला. जें गडचिरोलींत मोजल्यावर दिसलें, तें रत्नागिरींत न मोजल्यामुळें नाहींसें होत नाहीं.

मोजणीस पैसा लागतो, आणि सार्वजनिक पैसा कायद्याच्या वाटेनें येतो. ह्या वाटेवर पक्षाघात मागें कसा राहतो, त्याचा बोधप्रद इतिहास अमेरिकेंत सांपडतो. तेथें १९३७ सालीं कर्करोगासाठीं राष्ट्रीय संस्था कायद्यानें स्थापन झाली. १२ एप्रिल १९४५ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूंत रक्तस्राव होऊन मरण पावले. परंतु तीन वर्षांनीं, १९४८ सालीं, जो कायदा झाला तो हृदयाच्या नांवानें. १९६४ सालीं शस्त्रवैद्य मायकेल डीबेकी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें हृदयविकार, कर्करोग व पक्षाघात ह्या तिघांविरुद्ध एकच मोहीम सुचविली, आणि १९६५ च्या कायद्यांत पक्षाघाताचें नांव प्रथमच ठळकपणें आलें. पण आलें तें तिसऱ्या क्रमांकावर. त्या कायद्यानें उभारलेली प्रादेशिक योजना दहाबारा वर्षांतच गुंडाळली गेली. १९७१ सालीं कर्करोगासाठीं पुन्हां स्वतंत्र आणि भक्कम कायदा झाला. पक्षाघाताच्या उपचारासाठीं २००१ सालीं मांडलेलें विधेयक मात्र वर्षानुवर्षें सभागृहांत फिरत राहिलें व कायदा न होतांच विरून गेलें.

ह्याच इतिहासांतील एक लहानशी घटना विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९६८ सालीं तेथील मज्जासंस्थेच्या रोगांच्या राष्ट्रीय संस्थेच्या नांवांत 'पक्षाघात' हा शब्द जोडण्यांत आला. वरवर पाहतां हा केवळ पाटीवरील बदल. परंतु गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा १९९५ चा जो प्रयोग वर सांगितला, तो ह्याच संस्थेच्या खर्चानें झाला. नांवामुळें सदर उघडतें, सदरांत रक्कम पडते, आणि रकमेमुळें प्रयोग तडीस जातो. एका शब्दापासून औषधापर्यंत ह्या कामीं सत्तावीस वर्षें लागलीं.

इंग्लंडचा हिशेबहि असाच उद्बोधक आहे. तेथील अभ्यासकांनीं २०१२ सालच्या संशोधनखर्चाची तुलना केली. कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश व पक्षाघात ह्या चार रोगांवर सरकार व धर्मादाय संस्था मिळून जो खर्च झाला, त्यांतील शेंकडा ६४ कर्करोगाच्या वांट्यास आला आणि पक्षाघाताच्या वांट्यास शेंकडा ७. रोग्यांच्या शुश्रूषेवर दहा पौंड खर्च होत, तेव्हां संशोधनावर कर्करोगासाठीं १०८ पेन्स व पक्षाघातासाठीं अवघे १९ पेन्स पडत. ह्याचा अर्थ कर्करोगास अधिक मिळालें असा करूं नये. त्या रोग्यांचें दुःखहि तेवढेंच खरें आहे. अर्थ इतकाच कीं, ज्या रोगाच्या शुश्रूषेवर राष्ट्र खर्च करीतच असतें, तो कमी कसा होईल ह्याच्या शोधावर मात्र तें हात आंखडतें.

भारतांतील स्थिति आणखी वेगळी आहे. येथें १९११ सालीं संशोधननिधि-मंडळ स्थापन झालें व १९४९ सालीं त्याचें नांव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद असें झालें. परंतु ही परिषद संसदेच्या कायद्यानें जन्मलेली नसून नोंदणीकृत संस्था आहे. २०२३ च्या अनुसंधान प्रतिष्ठान कायद्यानें संशोधनासाठीं नवें प्रतिष्ठान निर्माण केलें. त्याच्या क्षेत्रांत आरोग्य आहे, पण कोणत्या रोगास किती हें त्यांत ठरविलेलें नाहीं. राहतां राहिला दरवर्षींचा विनियोजन कायदा, म्हणजे अंदाजपत्रक. २०१० सालीं केंद्रानें जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याच्या नांवांत कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात असे चार शब्द होते. येथेंहि पक्षाघात शेवटींच. २०२३ सालीं तें लांब नांव आटोपशीर करून 'असंसर्गजन्य रोग' एवढेंच ठेवण्यांत आलें. रोग कार्यक्रमाच्या कक्षेंतून गेला नाहीं हें खरें. त्याचें नांव मात्र पाटीवरून गेलें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि हेंच दिसतें. त्याच्या अनुसूचींत जीर्ण मज्जाविकारांचीं उदाहरणें म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस व कंपवात यांचीं नांवें आहेत, पक्षाघाताचें नाहीं. पाय गेला तर चलनाच्या सदरांत, वाचा गेली तर वाचेच्या सदरांत, असा एकच रोगी तुकड्यातुकड्यांनीं कायद्यापुढें उभा राहतो.

ह्या अनुल्लेखामागें कोणाचा दुष्ट हेतु आहे असें नाहीं. कारणें साधीं आहेत. पहिलें, हा रोग दोन घरचा पाहुणा आहे. वाहिनीचा म्हणून तो हृदयाच्या वैद्यांचा, आणि मेंदूचा म्हणून मज्जातज्ज्ञांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणांतहि तो दीर्घकाळ रक्ताभिसरणाच्या प्रकरणांत गणला जाई. २०२२ सालापासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तींत तो मज्जासंस्थेच्या प्रकरणांत आला. दुसरें कारण अधिक करुण आहे. इतर रोगांतून उठलेली माणसें सभा भरवितात, निधि जमवितात, आमदारांच्या दारीं जातात. पक्षाघात मेंदूच्या डाव्या बाजूस झाला कीं बहुधा प्रथम वाचाच जाते. वाचा हिरावणाऱ्या रोगाची बाजू सभागृहांत कोणी मांडावी? त्याचे सोबती म्हणजे घरांतील सून किंवा पत्नी; त्यांचा सबंध दिवस कुशी बदलणें, भरविणें आणि धुणें ह्यांत जातो.

येथें कोणी म्हणेल, जेथें यंत्र नाहीं, तज्ज्ञ नाहीं, तेथें संशोधनाचा थाट कशास? रक्तदाब आटोक्यांत ठेवावा, तंबाखू व मशेरी सोडावी, मीठ कमी करावें, हें तर सर्वांस ठाऊकच आहे. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु तोच संशोधनाची गरज सिद्ध करतो. उपाय माहीत असणें आणि तो गांवोगांव लागू पडणें ह्यांत अंतर आहे, आणि तें अंतर अनुमानानें भरून निघत नाहीं. २०१७ सालीं छापून आलेल्या एका प्रयोगांत भारतांतील चौदा रुग्णालयांतील १,२५० रोगी घेऊन घरच्या माणसांस शुश्रूषा व व्यायाम शिकवून पाहिले. ही कल्पना इतकी पटण्याजोगी होती कीं, ती सिद्धच आहे असें कोणीहि मानलें असतें. प्रत्यक्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षां अधिक गुण आला नाहीं. भारतीय सुनेच्या आणि मुलाच्या श्रमांविषयींच्या ह्या प्रश्नाचा खर्च कोणी केला? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें. पुढें भारतीय परिषदेनें स्वतःच्या खर्चानें एकतीस केंद्रांत चार हजारांहून अधिक रोग्यांवर संदेश, चित्रफिती व पुस्तिका यांचा प्रयोग करविला. तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानेंहि पुन्हां होणारे झटके कमी झाले नाहींत. परिषदेनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें म्हणूनच अन्यायाचें होईल. उलट ह्या दोन नकारांनीं हें शिकविलें कीं, सोपीं उत्तरें संपलीं असून खरे प्रश्न आतां सुरू झाले आहेत. आसामांत सी. टी. यंत्र गाडींतच बसवून तें रोग्याच्या दारीं नेण्याचा उपक्रम परिषदेनें केला. खाड्या आणि घाट यांच्या प्रदेशांत असें वाहन चालेल काय, कोठें उभें ठेवावें, आरोग्यसेविकेस काय शिकवावें, हीं उत्तरें आसामांतून उसनीं आणतां येणार नाहींत.

कायद्यानें पैशाला वाट कशी करून द्यावी, ह्याचा धडा महाराष्ट्रास बाहेरून घ्यावयास नको. ह्याच राज्यानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आणला. त्या कायद्यानें केवळ काम देण्याचें वचन दिलें नाहीं. त्यासाठीं निधि निर्माण केला, शहरांतील नोकरदारांच्या व्यवसायकरासारखे कर त्यास जोडून दिले, आणि तितकीच रक्कम सरकारनें घालावी असें बंधन घातलें. दुष्काळी गांवचा मजूर आणि शहरांतील पगारदार हे एका कलमानें बांधले गेले. ज्या वचनाला निधि नाहीं तें सदिच्छा होय, आणि ज्याला निधि आहे तें कर्तव्य होय, हा भेद महाराष्ट्राच्या विधिमंडळास तेव्हां कळला होता.

पक्षाघाताच्या बाबतींत मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. प्रत्येक विभागांत निदान एका जिल्ह्याची नोंदवही. संशोधनाच्या अनुदानांत ह्या रोगाचें स्वतंत्र सदर, म्हणजे किती दिलें व किती वापरलें हें दरसाल विचारतां येईल. आणि दिव्यांगांच्या अनुसूचींत त्याचें नांव. रत्नागिरीस २०२३ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. डेरवणास कर्करोग मोजणारे हात आहेत. मुंबईस गेलेल्या प्रत्येक चाकरमान्याचा जीव गांवच्या घरांत अडकलेला आहे. नोंदवही उघडण्यास ह्याहून निराळी सामग्री लागत नाहीं. लागते ती एका सदराची मंजुरी.

ही मंजुरी मागण्याची परंपराहि ह्याच जिल्ह्याची आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ सालीं गुहागरजवळच्या कोतळूक गांवीं झाला. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सरकारनें शिलकेचें अंदाजपत्रक मांडलें, तेव्हां ती शिल्लक म्हणजे रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखवून दिलें. सरकारी वहींत काय लिहिलें आहे ह्यापेक्षां काय लिहिलें नाहीं तें वाचण्याची ती दृष्टि होती. सुशिक्षित घरांतून अंदाजपत्रकाच्या दिवशीं आयकराची ओळ प्रथम शोधली जाते, आणि तें स्वाभाविकहि आहे. त्यानंतर आरोग्यसंशोधनाचें पान उलगडून त्यांत पक्षाघाताचें सदर आहे काय, एवढें जरी पाहिलें गेलें, आणि नसल्यास आपल्या प्रतिनिधीस एका पत्रानें त्याचें कारण विचारलें गेलें, तरी ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्या वतीनें कोणीतरी बोललें असें होईल.